भूगोल सरांचा शिंगाळा

काही वाक्यं तोंडातून अशी निसटतात की माणूस स्वतःच मागे वळून बघतो, हे कोण बोललं म्हणून. भूगोल सरांचं त्या रविवारी तसंच झालं. फोनवर व्याही होते. व्याही म्हणजे लेकीचे सासरे. उभा जन्म बोटीच्या इंजिनखोलीत गेलेला, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात वादळ नसलं तर मासे असत आणि मासे नसले तर वादळ.

"पुढच्या रविवारी जेवायला येतो तुमच्याकडे," व्याही म्हणाले. "तुमच्या घराजवळ नदी आहे म्हणे. पण नदीच ती. तिच्यात मासे ते काय असणार!"

आता नदीचा अपमान म्हणजे भूगोलाचा अपमान, आणि एकतीस वर्षं शाळेत भूगोल म्हणजे सर स्वतःच. निवृत्त होऊन दोन महिने झाले असले तरी माणूस विषयातून निवृत्त होत नसतो. सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"या तर खरे," ते म्हणाले. "माझ्या हाताने पकडलेला शिंगाळा खाऊ घालतो."

फोन खाली ठेवला तेव्हा बायको समोर भाजी निवडत होती. तिने सुरी थांबवली.

"शिंगाळा कोण पकडणार?"

"मी."

"अहो, तुम्हाला घरातली पाल हाकलता येत नाही."

"पाल जमिनीवरची," सर म्हणाले. या वाक्याला काही अर्थ नव्हता, पण ते ठामपणे म्हटलं होतं.

"आणि शिंगाळा ओळखणार कसा?"

"त्याला मिशा असतात."

"मिशा वरच्या वकिलांनाही आहेत," बायको म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली. ती टपाल कचेरीत खिडकीवर काम करायची. तिकडे दिवसभर लोकांना 'पुढच्या खिडकीवर जा' असं सांगून सांगून घरी तिची वाक्यं आखूड झाली होती.

सोमवारी सकाळपर्यंत ही बातमी सगळ्या इमारतीत झाली. सरांनी फक्त वरच्या वकिलांना सांगितलं होतं, पण वकिलांना सांगणं आणि फलकावर लिहिणं यात फरक एवढाच की फलक कोणी पुसू शकतो. वकील लगोलग खाली आले.

"साबण," ते खुर्चीवर बसता बसता म्हणाले.

"काय?"

"शिंगाळ्याला साबणाचा वास आवडतो. कपडे धुण्याचा, बरं का. अंगाचा नाही. माझे आजोबा साबणावरच पकडायचे."

"किती पकडले?"

"ते मी विचारलं नाही. मोठ्या माणसांना असं विचारायचं नसतं."

तळमजल्यावरच्या औषधवाल्यांना हे अजिबात पटलं नाही. थंडीत शिंगाळा खोल डोहात तळाला बसतो, जड होतो, जेवणाच्या बाबतीत आळशी होतो, अशी त्यांनी एखाद्या रोग्याची सांगावी तशी लक्षणं सांगितली. अशा वेळी त्याला वास पाहिजे. लांबून येणारा. "कोंबडीची काळिजं आणा. तीन दिवस उबेला ठेवा. चौथ्या दिवशी नदीतला आंधळा मासासुद्धा विचारत येईल." त्यांनी रिकामी बरणी मोफत दिली. दुकानातून मोफत मिळालेल्या वस्तूवर माणसाचा विश्वास बसतो तो असा.

थंडीच्या दिवसांत घरात उबेची जागा एकच, बंबाच्या मागे. सरांनी काळिजं भरून बरणी तिथे ठेवली, वरून जुना टॉवेल गुंडाळला आणि बायकोला सांगितलं नाही. संसारात सगळंच सांगत बसलं तर बोलायला विषय उरत नाहीत.

मग परवाना. नदीत गळ टाकायला परवाना लागतो हे वकिलांनीच शोधून काढलं आणि सरांनी आयुष्यात कधी रस्त्यावरची सिग्नलची रेघसुद्धा ओलांडली नव्हती. ते जलखात्याच्या कचेरीत गेले. खिडकीत चष्मा लावलेली एक तरुण बाई बसली होती. तिने अर्ज वाचला, संगणकात भरायला घेतला आणि थांबली.

"नौकेचा क्रमांक?"

"नौका नाही. मी काठावर बसणार."

"काठावर बसायला परवाना लागत नाही, सर."

"गळ टाकणार आहे."

"मग लागतो."

"मग द्या."

"नौकेचा क्रमांक?"

असं तीनदा झाल्यावर त्या बाईलाच दया आली. ती म्हणाली, संगणक हा रकाना रिकामा सोडू देत नाही, तेव्हा तुम्ही बंदर कचेरीतून नौका नसल्याचा दाखला आणा. सर बंदर कचेरीत गेले. दोन बस बदलून गेले. तिथला अधिकारी सज्जन होता, त्याने रजिस्टर उघडलं आणि पेन सरसावून विचारलं, "जी नौका तुमच्याकडे नाही, तिचं नाव काय?"

सर भूगोलाचे होते, तत्त्वज्ञानाचे नव्हते. ते परत आले. शेवटी वकिलांनी प्रतिज्ञापत्र करून दिलं, 'माझ्या मालकीची, ताब्यातील, भाड्याची अथवा विचाराधीन अशी कोणतीही नौका नाही', आणि ते वाचून खिडकीवरच्या बाईने रकान्यात शून्य टाकलं. यंत्र खूश झालं. परवाना छापून बाहेर आला: नौका क्रमांक शून्य, खलाशी संख्या एक. सरांनी तो घडी न घालता घरी नेला.

आता वेळ ठरवायची. इथे मात्र सर स्वतःच्या अंगणात होते. नदी भरती-ओहोटीची. समुद्राचं पाणी तिच्यात चढतं, उतरतं, आणि पाणी फिरतं त्या घटकेला मासा तोंड उघडतो, हे त्यांना नव्यानेच कळलेलं असलं तरी भरती-ओहोटी त्यांच्या हातची होती. एकतीस वर्षं फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली, पाण्याचे फुगवटे काढले. त्यांनी बंदराचं छापील वेळापत्रक आणलं, पट्टी घेऊन लाल रेघा मारल्या आणि तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. मंगळवार, दहा वाजून पाच मिनिटं. बुधवार, दहा पंचावन्न. गुरुवार, पावणेबारा.

"एवढं मिनिटासकट?" बायकोने विचारलं.

"निसर्ग वक्तशीर असतो," सर म्हणाले. "माणसं नसतात."

मंगळवारी नऊलाच ते नदीवर हजर झाले. कानटोपी, दोन स्वेटर, वर लेकीने दिलेला कोट. सोबतीला वकील. टपाल कचेरीच्या पलीकडे नदी वळण घेते तिथे दगडी पायऱ्या आहेत आणि वळणाखाली खोल डोह. सरांनी साबणाची वडी गळाला लावली, काठी मागे घेतली आणि जोरात फेकली. गळाचं शिसं पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही. मागून वकिलांचा आला.

गळ त्यांच्या मफलरमध्ये रुतला होता. तो सोडवता सोडवता मफलर अर्धा उसवला आणि वकिलांनी 'निष्काळजीपणा' हा शब्द इतक्यांदा उच्चारला की सरांना आरोपपत्र ऐकल्यासारखं वाटलं. त्यानंतर दोघे शेजारी बसले. दहा वाजून पाच मिनिटं झाली. नदी होती तशीच वाहत राहिली. अकरापर्यंत पाय बधिर झाले, तेव्हा सर म्हणाले, आज माशांना भूक नसावी. दोघे घरी आले.

बुधवारी सकाळी मात्र माशांऐवजी माणसांचा नंबर लागला. सात वाजता जिन्यात आरडाओरड झाली. गॅस गळतोय, सगळे खाली उतरा. इमारतीतली माणसं रजया अंगावर घेऊन, दात कुडकुडवत अंगणात उभी राहिली. कुणाच्या हातात दागिन्यांचा डबा, कुणाच्या गालावर अर्धा दाढीचा फेस. सरही उभे राहिले. वास खरोखरच भयंकर होता. दुसऱ्या मजल्यावरून येत असावा असं वकील म्हणाले, तर सर म्हणाले, वाऱ्याची दिशा पाहता तिसऱ्या. गॅस कंपनीची दोन माणसं तोंडाला फडकी बांधून आत गेली. पंधरा मिनिटांनी त्यांच्यातला एक जण हात शक्य तितका अंगापासून लांब धरून बाहेर आला. त्या हातात बरणी होती. झाकण उडालेलं. तिच्याभोवती सरांचा टॉवेल, ज्यावर एका कोपऱ्यात सरांच्या शाळेचं नाव विणलेलं होतं.

"हे कोणाचं?"

सगळ्या इमारतीने एकाच वेळी सरांकडे पाहिलं. वर्गात इतक्या शिस्तीने कधी कुणी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

"शिंगाळ्याचं," सर क्षीण आवाजात म्हणाले.

औषधवाले बरणीकडे पाहून फक्त एवढंच म्हणाले, "झाकण घट्ट लावायला सांगितलं होतं." त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं. बायकोने पायात चपला सरकवल्या. ती कचेरीची पिशवी घेऊन तशीच निघून गेली, आणि हे तिच्या बोलण्यापेक्षा वाईट होतं. त्या दिवशी सर कोळंबीचे तुकडे घेऊन एकटेच नदीवर गेले, दहा पंचावन्नची वाट पाहिली, काहीही घडलं नाही आणि घरी येऊन जिना दोनदा धुतला.

गुरुवारी ते हट्टाने गेले. आता प्रश्न माशाचा राहिला नव्हता. इमारतीतली माणसं जिन्यात भेटली की नाकाला रुमाल लावायची, आणि व्याही दोनदा फोन करून 'काय, तयारी आहे ना?' विचारून बसले होते. पावणेबाराला भरती पूर्ण होणार, मग ओहोटी लागणार. बारा वाजले. सव्वाबारा वाजले. गळ तळाला कशात तरी अडकला. सरांनी घड्याळ पाहिलं, मनात तक्ता पाहिला, आणि ठरवलं की ओहोटी लागून अर्धा तास झाला आहे, पाणी आता उतरतच जाणार, तेव्हा चार पावलं खाली उतरून गळ सोडवायला हरकत नाही.

पहिलं पाऊल घोटाभर पाण्यात पडलं. दुसरं चिखलात. तिसरं पडलं ते वर आलंच नाही.

नदीचा चिखल माणसाला हळूच धरतो, नातेवाइकासारखा. सर गुडघ्यापर्यंत गेले. ते घाबरले नाहीत. उतरत्या पाण्यात घाबरायचं काय? थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की पाणी गुडघ्याच्या वर आलं आहे. त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं, पुन्हा पाणी पाहिलं. दोघांपैकी एक जण चुकत होता, आणि ते घड्याळ असावं असं त्यांना मनापासून वाटलं. ओरडावं, तर पुलावरून शाळेतली मुलं जाण्याची वेळ. ते कोटाच्या खिशात हात घालून, जणू मुद्दाम तिथे उभे राहिलो आहोत अशा चेहऱ्याने उभे राहिले.

"सर?" काठावरून आवाज आला. जलखात्याच्या खिडकीवरची बाई होती. कचेरीत माणसं कमी असल्यामुळे गुरुवारी गस्तही तिच्याचकडे. "परवाना आहे ना जवळ?"

सरांनी खिशातून परवाना काढून उंच धरला.

"हा काठावरचा आहे, सर," ती संकोचाने म्हणाली. "तुम्ही सध्या नदीत आहात."

"याची मला कल्पना आहे."

"बाहेर येता का?"

"येता येत नाही!" आणि मग सरांच्या आवाजातला मास्तर गळून पडला. "पाणी चढतंय हो. उतरायला पाहिजे होतं. पावणेबाराची भरती होती."

"ती बंदराची, सर. इथं पोचायला तिला दोन-सव्वादोन तास लागतात. तिकडून पाणी चालतच यायचं ना?"

तेवढ्यात सरांची बायको आली. टपाल कचेरीची जेवणाची सुट्टी झाली होती आणि ती त्यांच्यासाठी चहाचा थर्मास घेऊन आली होती. कालपासून तिने त्यांच्याशी अबोला धरला होता, पण अबोल्यात चहा बसत नाही. नवऱ्याला मांड्यांपर्यंत पाण्यात पाहून तिने थर्मास खाली ठेवला आणि अबोला संपवला.

"अहो! दोर आहे का कुणाकडे?"

"आहे," गस्तीवरची बाई म्हणाली आणि पिशवीतून दोर काढला. मग ओशाळून दुसरा कागदही काढला. "पण सरकारी आहे. घेणाऱ्याची सही लागते. माझी नोकरी आहे, काकू."

"द्या इकडे, मी करते."

"ज्याच्यासाठी काढला त्याचीच लागते."

कागद काठीच्या टोकाला बांधून सरांकडे पोचवण्यात आला. सरांनी गार बोटांनी सही केली, आणि सवयीने खाली तारीखही घातली. मग दोघींनी दोर कमरेएवढ्या खांबाला एक वेढा देऊन ओढायला सुरुवात केली. आधी सर हलले नाहीत. मग चिखलाने एकदम मोठा, अत्यंत असभ्य आवाज केला आणि सर पालथे काठाला लागले. उजवा बूट मात्र नदीकडेच राहिला.

एका पायात बूट, दुसऱ्या पायात चिखल, अशा थाटात त्यांना भर दुपारी रस्ता ओलांडावा लागला. एका बसच्या खिडकीतून कोणीतरी जुना विद्यार्थी ओरडला, "नमस्कार, सर!" सरांनी मान झुकवून नमस्कार घेतला.

संध्याकाळी ते गरम पाण्यात पाय बुडवून बसले होते. 

"मी हे शिकवलंय, अगं," ते शेवटी म्हणाले. "भरती मुखापासून वर चढत जाते, जितकं आत तितका उशीर. पुस्तकात होतं. मी आकृती काढायचो. एकतीस वर्षं. आणि शाळेपासून नदी दहा मिनिटांवर. एकदासुद्धा जाऊन घड्याळ लावून पाहिलं नाही."

बायको त्यांच्या पायांवर आणखी पाणी ओतत होती. "फळ्यावर उशीर होत नाही ना," ती म्हणाली. "तिथे सगळं एकदमच येतं."

त्यात दोष देणं नव्हतं. सरांना उगाचच भरून आलं, आणि ते वाफेमुळे असल्याचं त्यांनी दाखवलं.

शुक्रवारी त्यांनी दारावरचा तक्ता काढला. शनिवारी ते गळ न घेताच नदीवर गेले, पायरीशी एक खुणा केलेली काठी रोवली आणि सकाळभर दर पाच मिनिटांनी पाणी मोजत बसले. ओहोटीचं पाणी खुणाखुणांनी खाली गेलं, थांबलं, आणि बंदराच्या वेळेनंतर सव्वादोन तासांनी, बरोबर साडेनऊला, पाण्यावरचं एक वाळकं पान जागच्या जागी फिरून उलट्या दिशेला चालू लागलं. सर उभे राहिले. टाळी वाजवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनीच एक वाजवली.

"मासा?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

"उद्या. दहा वीसला."

रविवारी ती पहाटे चारला उठली. नवऱ्यावर विश्वास होता, पण पाहुण्याला विश्वास वाढता येत नाही, म्हणून तिने पूर्ण स्वयंपाक करून ठेवला. वरण, भात, दोन भाज्या, गोडाचं. आठवडाभर कचेरीत उभं राहून आणि घरी जिना धुणाऱ्या नवऱ्याला सांभाळून तिचे डोळे खोल गेले होते. तरी सर निघाले तेव्हा तिने शाल घेतली.

"तू कशाला?"

"मागच्या वेळी दोर कुणी ओढला?" ती म्हणाली.

नऊ वाजता दोघं पायऱ्यांवर बसली. कोवळं ऊन होतं, पण वारा बोचरा. सरांनी कोळंबीचा तुकडा लावून गळ डोहात टाकला. या वेळी मागे कोणी नव्हतं आणि तो नेमका पडला. काठी त्यांनी दोन पावलांवर काठाच्या मातीत रोवलेल्या नळकांड्यात उभी केली आणि परत येऊन बायकोशेजारी बसले. थर्मासमधला चहा अर्धा अर्धा घेतला. ती लेकीविषयी काहीतरी सांगत होती. व्याही आले की लेकीची तब्येत नीट विचारा, तिचं ती कधी सांगत नाही. सांगता सांगता वाक्य मध्येच थांबलं. सरांनी पाहिलं, तर तिचं डोकं त्यांच्या डाव्या खांद्यावर टेकलं होतं. ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, बोटाला टपालाच्या शाईचा डाग.

सर हलले नाहीत.

दहा वाजून अठरा मिनिटांनी डोहावरचं पाणी थबकलं. दहा वीसला एक काटकी उलटी निघाली. बरोबर! सरांच्या छातीत आनंद मावेना. आणि त्याच क्षणी काठीचं टोक हललं. एकदा. मग दोनदा, सावकाश, मान डोलावल्यासारखं. मग टोक खाली वाकलं आणि वाकतच गेलं.

सरांना सगळं एकदम दिसलं: व्याह्यांचा चेहरा, वकिलांच्या मिशा, जिन्यातले नाकावरचे रुमाल. दोन पावलं. फक्त उठायचं होतं. त्यांनी डावा खांदा अर्धा इंच हलवून पाहिला. बायकोच्या कपाळाला आठी पडली आणि तिने झोपेतच शाल आणखी घट्ट ओढली.

सरांनी खांदा परत होता तिथे आणून ठेवला.

नळकांडं मातीत कलंडलं. काठी वाकली, थरथरली, उचकटली, आणि पायऱ्यांवरून घसरत पाण्यात गेली. डोहात एक रुंद, काळसर पाठ क्षणभर वर आली. मिशा दिसल्या, सर पुढे शपथेवर सांगत, हातभर मिशा. मग काठी भरतीच्या पाण्याबरोबर नदीच्या वरच्या अंगाला, अगदी शिस्तीत, सरांच्या हिशोबाप्रमाणे निघून गेली.

मागे पायऱ्यांवर जड बूट वाजले. घराला कुलूप पाहून थबकलेल्या व्याह्यांना वरच्या वकिलांनी इकडे धाडलं होतं.

"काय सर, लाग..." व्याह्यांचा आवाज इंजिनखोलीत घडलेला. सरांनी घाईने ओठांवर बोट ठेवलं. व्याह्यांनी खांद्यावरचं डोकं पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा आवाज खाली आणला. टोपी काढून ते हलकेच पलीकडच्या पायरीवर बसले. रिकामं नळकांडं बघितलं, लांब पाण्यावर जाणारी काठी बघितली. 

"गेला?" व्याही कुजबुजले.

सरांनी मान हलवली.

"केवढा होता?"

सरांचा डावा हात बायकोच्या डोक्याखाली अडकला होता. त्यांनी उजवा हात बाजूला जाईल तितका लांब ताणला आणि अगदी हळू म्हणाले,

"हा अर्धा."